वळसंगच्या विहिरीवर भरलेला वर्ग

आमच्या दापोलीकडच्या माणसाला सोलापूर म्हटलं की चादर आठवते. त्यापलीकडे त्या मुलखाची ओळख असायचं आम्हाला कारण पडत नाही. मीही हायस्कुलात अठरा वर्षं शास्त्र शिकवलं, पण पुण्याच्या पुढे पूर्वेला कधी पाऊल टाकलं नव्हतं. मग लोकसंख्या शिक्षण हा नवा विषय शाळांत आला. त्याचं प्रशिक्षण मी घेतलं, आणि एका जिल्ह्यातल्या शिक्षकाने दुसऱ्या जिल्ह्यात जाऊन धडे द्यावेत, तिथले धडे पाहावेत अशी योजना निघाली. माझ्या वाट्याला सोलापूर आलं. पंधरा दिवसांसाठी. सोबत रंगीत तक्त्यांची हातभर लांब गुंडाळी होती. बोटीपासून रेल्वेपर्यंत तिला मी कुणाला हात लावू दिला नाही.

परत आल्यापासून सगळे एकच विचारतात, "तिथलं ऊन कसं हो सोसलंत?" उन्हाचं सांगण्यासारखं काहीच नाही, जानेवारी सरत आला होता आणि पहाटे मला शाल लागत होती. सांगण्यासारखं आहे ते माणसांचं.

सोलापूर

शहरात माझा मुक्काम शेख बाईंकडे होता. त्या तिथल्या एका शाळेत भूगोल शिकवतात. वय माझ्याएवढंच, अंगाने बारीक, आणि चालणं असं भरभर की मला मागून जवळजवळ पळावं लागे. त्यांच्या गल्लीत निम्मी घरं तेलुगू विणकरांची. सकाळी माग सुरू झाले की बोलणाऱ्याला आवाज चढवावा लागतो, आणि तिथल्या माणसांना ते जाणवतही नाही. शेख बाई आईशी दखनीत बोलत, शेजारणीशी मोडक्या तेलुगूत आणि माझ्याशी मराठीत, तेही एका दमात, हातातली भाकरी न थांबवता. आमच्याकडे दोन गावांच्या बोलीत फरक पडला तर आम्ही नक्कल करून हसतो. इथे एका ओट्यावर तीन भाषा नांदत होत्या आणि कुणालाच त्यात काही विशेष वाटत नव्हतं.

पहिल्याच जेवणात माझी फजिती झाली. ताटात पापडासारखी कडक ज्वारीची भाकरी, दह्याची वाटी आणि बाजूला तांबूस पूड. शेंगदाण्याची चटणी म्हणजे आपल्याकडच्या दाण्याच्या कुटासारखी काहीतरी असणार, अशा समजुतीने मी भाजी घ्यावी तशी दोन चमचे घेतली. डोळ्यांतून पाणी आलं, नाकातूनही आलं. शेख बाईंच्या आई दह्याचं भांडं माझ्यापुढे सरकवत म्हणाल्या, "बेटी, वो चटनी है, सालन नहीं." तिसऱ्या दिवशी मात्र त्या चटणीवाचून मला घास उतरेना.

शेख बाईंच्या शाळेतला माझा पहिला धडा छान झाला, असं मला वाटलं. तक्ते टांगले. लोकसंख्या वाढली की जंगल कमी होतं, पाणी कमी पडतं, जमिनीचे तुकडे पडतात, हे सगळं मी क्रमाने सांगितलं. प्रश्न विचारले, तर मुलांनी धडाधड उत्तरं दिली. घरी जाताना मी खुशीत होते. शेख बाई म्हणाल्या, "ताई, राग नका मानू. पोरांनी उत्तरं लई चांगली दिली. पण आपल्याला काय ऐकायचंय ते वळखून दिली."

"म्हणजे?"

"म्हणजे जंगल कमी झालं म्हणाली. ह्यातल्या एकानं पण जंगल बघितलेलं न्हाई." मग त्यांनी माझ्या हातातली गुंडाळी आपल्याकडे घेतली. "तुम्ही वळसंगला जाणार ना? तिथं बिराजदार गुरुजी आहेत. त्यांचा वर्ग बघा आधी. मग बोलू."

वळसंग

सोलापूरच्या दक्षिणेला अक्कलकोटच्या रस्त्यावर हे गाव आहे. एस.टी.तून उतरले आणि पहिल्यांदा काय जाणवलं असेल तर आभाळ. आमच्याकडे आभाळ माडांच्या झावळ्यांतून तुकड्या-तुकड्यांनी दिसतं. इथे ते चारी बाजूंना जमिनीला टेकलेलं होतं, आणि मध्ये काळी रानं, त्यांत उभी पिवळसर ज्वारी. आमची घरं आपापल्या माडा-पोफळींच्या आगरात एकमेकांपासून अंग चोरून बसलेली असतात. इथे भिंतीला भिंत, आणि दारातून जाणाऱ्या माणसाला हाक मारल्याशिवाय कुणी सोडत नाही. "ऊटा आतेन्री?" असं मला पहिल्या तासाभरात पाच ठिकाणी विचारलं गेलं. जेवण झालं का, असा त्याचा अर्थ. कानडी येत नाही म्हणून मी नुसती हसायचे, आणि हसणं म्हणजे जेवण झालेलं नाही असं समजून मला आत बोलावलं जायचं.

बिराजदार गुरुजी पन्नाशीचे, कपाळावर भस्माचे पट्टे, धोतर आणि पांढरा सदरा. त्यांची सातवी मी पाहिली ती वर्गात नाही, शाळेच्या मैदानात. खेळाच्या रेघा मारायची पांढरी फक्की घेऊन मुलांनी जमिनीवर अख्खं गाव काढलं होतं. आदल्या आठवड्यात प्रत्येकाने घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला एकच प्रश्न विचारायचा होता. तुम्ही माझ्याएवढे असताना चुलीचं सरपण कुठून आणत होता? आलेल्या उत्तरांवरून जुनं गाव पांढऱ्या फक्कीने काढलेलं होतं. त्यावर आजचं गाव विटांच्या तांबड्या भुकटीने.

"हितं काय हुतं रे?" गुरुजींनी काठी न टेकवता नुसतं बोट दाखवलं.

"गायरान, गुरुजी. बाभळीचं."

"आता?"

"आता घरं. अन् तिकडं खाण."

"मग चूल कशावर पेटती?"

"गवऱ्यावर."

"गवरी कशाची?"

मुलं हसली. शेणाची, हे काय विचारायचं झालं? पण गुरुजी हसले नाहीत. "ते शेण आधी कुटं जायचं?" मग मागून एका मुलीचा आवाज आला, "रानात जायचं. खत म्हणून." ती मुलगी उंच, सडपातळ, दोन वेण्या घट्ट बांधलेल्या. तिचं नाव महादेवी. घरं वाढली, बाभळी गेल्या, शेण चुलीत गेलं आणि रान उपाशी राहिलं, ही सगळी साखळी त्या मुलांनी आपल्या पायाखाली जोडली. पुस्तकातला एकही शब्द वापरला नाही. अठरा वर्षं शिकवून मला जे जमलं नव्हतं ते फक्कीच्या डब्यावर झालेलं मी पाहिलं आणि गुरुजींना मनोमन नमस्कार केला.

एवढं पाहूनही दुसऱ्या दिवशी मी तक्ता टांगलाच. तो धडा मला द्यायचाच होता, आणि खरं सांगायचं तर तक्त्यांचा मोह सुटत नव्हता. चित्रात दोन घरं होती. एका घरात दोन हसरी मुलं, ताटं भरलेली. दुसऱ्यात आठ मुलं, रडकी, कपडे फाटके. दुसऱ्या घरात मुलं जादा झाली, असं मी दोन्ही घरांची तुलना करून सांगत होते, तेवढ्यात महादेवीने हात वर केला.

"बाई, ह्यातलं जादा कोण?"

प्रश्न साधा वाटला. मी छडी उचलली आणि चित्रातल्या धाकट्या मुलांवरून फिरवत म्हणाले, "ही शेवटची चार-पाच नसती तर बाकीच्यांना पोटभर मिळालं असतं, होय की नाही?"

ती खाली बसली. त्यानंतर तिने मान वर केली नाही. माझ्या ते लक्षातही आलं नाही. लक्षात आलं ते दुसऱ्या दिवशी, तिची जागा रिकामी दिसली तेव्हा. तिचीच नव्हे, निम्मा वर्ग रिकामा होता.

गुरुजींना कारण ठाऊक होतं. आणीबाणी उठून फार दिवस झाले नव्हते. त्या काळात नसबंदीसाठी माणसं उचलून न्यायला येणाऱ्या जीपची धूळ रस्त्यावर दिसली की गडीमाणसं ज्वारीत शिरून बसत, असं त्यांनी सांगितलं. आता कोकणातली एक बाई आली आहे, कुणाच्या घरी किती पोरं ते चित्रं दाखवून काढून घेते आहे, ऑपरेशनाची नावं लिहून नेणार, अशी बातमी रात्रीतून गावभर झाली होती. मी हादरले. आमच्या भागात लोकसंख्या हा शब्द उच्चारला तर लोकांना मुंबईला गेलेली माणसं आठवतात, बंद पडलेली घरं आठवतात. इथे तोच शब्द ऐकून घरं दारं लावून घेत होती.

"आणि महादेवी?" मी विचारलं.

गुरुजी म्हणाले, "ती भीतीनं न्हाई थांबलेली बाई. ती सहावी हाय. सहातली शेवटची."

मला तोंडात मारल्यासारखं झालं. गुरुजींनी एका शब्दानेही दोष दिला नाही. त्यांनी वर्ग दुसऱ्या शिक्षकावर सोपवला, वहाणा घातल्या आणि म्हणाले, "चला. घरला जाऊन येऊ."

महादेवीचं घर सगळं खळ्यावर होतं. ज्वारीची कणसं खुडून ढीग लावला होता. तिची आई, गौरव्वा, आम्हाला बघून उठली. गुरुजींना नमस्कार केला, माझ्याकडे नुसतं पाहिलं. महादेवी कणसांच्या ढिगाआड होती. तरीही आधी पोतं अंथरलं गेलं, आगटीत भाजलेला गरम हुरडा पानावर आला, त्यावर शेंगदाण्याची चटणी. रागावलेल्या घरातही आधी खायला मिळतं, हे मी तिथे पाहिलं.

गौरव्वा माझ्यासमोर बसली. "बाई, ही पोर काल जेवली न्हाय. मला इचारती, अव्वा, मी जादा हाय का? मी काय सांगू? कुटल्या पोराला जादा म्हनू?"

मी हुरड्याचं पान खाली ठेवलं.

"मला आठ झाली," ती पुढे म्हणाली. "दोन चालायच्या आदीच गेली. एक तापानं, एक हगवणीनं. माझ्या सासूची पाच गेलती. पोरं जात्यात म्हून पोरं व्हत्यात, बाई. कुटलं ऱ्हाईल ते आदी ठावं असतं तर दोनावरच थांबले असते की."

प्रशिक्षणात मी जे जे ऐकलं होतं, ते सगळं या एका वाक्यापुढे मला कोरडं वाटलं. मी उठले आणि ढिगाआड गेले. महादेवी कणसं निवडत होती, माझ्याकडे न बघता.

"माझं चुकलं," मी म्हणाले. "कुठलंच मूल जादा नसतं. मी छडी त्या मुलांवर ठेवायला नको होती." अठरा वर्षांत विद्यार्थिनीपुढे असं बोलायची ही पहिलीच वेळ.

तिने आणखी एक कणीस उचललं. मग म्हणाली, "चित्रातली पोरं रडत का हुती? आमच्या घरी कोन रडत न्हाय."

"चित्र काढणाऱ्याने तुमचं घर पाहिलेलं नव्हतं."

तिने हातातलं कणीस खाली ठेवलं. "पर पानी कमी हाय, ते खरं हाय. ते मला ठावं हाय. मी वढते की रोज."

"किती कमी? वर्गाला सांगशील?"

तिने आईकडे पाहिलं. गौरव्वा म्हणाली, "हिला काय ईचारता? हिरीचं मला ईचारा." आणि इतक्या वेळात पहिल्यांदा ती हसली.

दुसऱ्या दिवशी वर्ग विहिरीवर भरला. गुरुजींनी आदल्या संध्याकाळी घरोघर जाऊन एवढंच सांगितलं होतं, "उद्या पोरांबरोबर तुमी पन या. कुनाचं नाव लिहायचं न्हाय. कागूदच न्यायचा न्हाय." मी तक्त्यांची गुंडाळी गुरुजींच्या घरी ठेवली. हात मोकळे घेऊन शिकवायला जाताना मला चुकल्या-चुकल्यासारखं वाटत होतं.

गावची विहीर म्हणजे दगडी बांधलेली, ऐसपैस, एका बाजूने पायऱ्या. आमच्याकडे पावसाळ्यात विहिरीत वाकून तांब्या बुडवता येतो. इथे मी डोकावले तर पाणी कुठे आहे ते आधी दिसेचना, मग खोल तळाशी आभाळाचा एक तुकडा हलला. महादेवीने पोहरा सोडला. दोर सुटत राहिला. इथे विहिरीची खोली परसात मोजतात. हात वर करून उभ्या राहिलेल्या माणसाची उंची म्हणजे एक परस. पोहरा पाण्याला टेकला तिथे तिने दोराला लाल चिंधी बांधली आणि वर ओढून तो दोर जमिनीवर लांब पसरला. मग एकेका मुलाला हात वर करून दोराकडेने आडवं झोपायला लावलं. सात मुलं एकापुढे एक झोपली तेव्हा चिंधीपर्यंत पोचली.

गौरव्वा पुढे झाली. "मी लगीन करून आले तवा असल्या दिसांत," ती वाकली आणि तिसऱ्या मुलाच्या हाताशी बोट टेकवलं, "हितं पानी हुतं. त्या पायऱ्या उतरायची अन् घागर बुडवायची. दोर लागतच नव्हता."

मग बायका बोलायला लागल्या, कुणी मराठीत, कुणी कानडीत, आणि गुरुजी इकडचं तिकडे सांगत राहिले. तेव्हा या विहिरीवर दोन गल्ल्या येत होत्या, आता सगळं गाव येतं. शेजारच्या रानांत विहिरी झाल्या, त्यांवर इंजिनं बसली. दुष्काळात तर हिचा तळ दिसला होता. एक म्हातारबाबा काठी टेकत आले आणि म्हणाले, गायरानात बाभळी होत्या तेव्हा पावसाचं पाणी थांबायचं, आता धूळ घेऊन ओढ्याला पळतं. मुलं आडवी झोपल्या-झोपल्याच ऐकत होती. महादेवी मध्ये उभी राहून एकेकाला बोलायला सांगत होती. कुणाला मध्ये तोंड घालू देत नव्हती.

"मग काय करायचं?" गुरुजींनी विचारलं.

मी मनात म्हटलं, आता येईल ते उत्तर, लहान कुटुंब, सुखी कुटुंब. आलं ते वेगळंच. एका मुलाने सुचवलं, खाणीपलीकडे गायरानाचा जो तुकडा उरला आहे त्याला काटेरी फांद्यांचं कुंपण घालू, शेळ्या आत जाऊ द्यायच्या नाहीत, बाभळी आपोआप येतील. शेळ्यांवरून लगेच भांडण लागलं. शेळ्या होत्या त्या मुलाच्याच चुलत्याच्या. तासभर वाद झाला आणि शेवटी निम्म्या तुकड्यावर तडजोड ठरली. त्या दुपारी मुलांबरोबर दहा-बारा मोठी माणसंही कुंपणाला होती. माझ्या तळहातात बाभळीचा काटा मोडला, तो गुरुजींच्या पत्नीने सुईने काढला आणि वर हळद दाबली.

निघायच्या दिवशी गौरव्वा मला स्टँडवर सोडायला आली. डोक्यावर हुरड्याचं बोचकं, मला न्यायला. एस.टी. यायला वेळ होता. ती इकडेतिकडे बघून हलक्या आवाजात म्हणाली, "बाई, माझी थोरली लेक बाळंत व्हनार हाय, दुसऱ्यानं. त्यापुढं तिला नको हाय. जीपवाल्याला न्हाय ईचारलं. तुमी बाईमानूस, म्हून ईचारते."

मला ठाऊक होतं तेवढं मी सांगितलं, आणि दवाखान्यातल्या नर्सबाईंकडे तिला घेऊन जा, त्या नीट समजावतील असं म्हटलं. तिने प्रत्येक शब्द मान हलवत ऐकला. तक्ते घेऊन मी ज्यासाठी चारशे मैल आले होते, ते बोलणं अखेर स्टँडवरच्या लिंबाखाली झालं, आणि ते तिने सुरू केलं.

करकंब

शेवटचा मुक्काम पंढरपूर तालुक्यातल्या करकंबला. शेख बाई सोबत आल्या. वाटेभर मी त्यांना वळसंगचं सांगत होते, त्या ऐकत होत्या आणि मध्येच म्हणाल्या, "मी पण नवांतली सातवी, ताई." मी त्यांच्याकडे पाहतच राहिले. त्यांनी खिडकीबाहेर बोट दाखवलं, "बघा, कसं हिरवंगार आहे."

खरंच, मुलूखच बदलला होता. ऊस, त्याच्या बांधाला पाट, पाटात खळाळणारं पाणी. कोकण सोडल्यापासून पहिल्यांदा डोळ्यांना घरच्यासारखं वाटलं. बाजारगाव असल्यामुळे गर्दी, गुळाचा वास, बैलगाड्यांची रांग. हेडमास्तरांनी उसाच्या रसाचे दोन-दोन पेले पाजल्याशिवाय शाळेत पाऊल टाकू दिलं नाही.

मी वर्ग मैदानात घेतला. वळसंगच्या दोराची हकिकत सांगितली, महादेवीचं आणि गौरव्वाचं नाव घेऊन. मुलं मन लावून ऐकत होती. सात मुलांएवढा दोर म्हटल्यावर त्यांनी एकमेकांकडे पाहिलं. मग मी म्हटलं, "तिथे माणसं वाढली आणि पाणी खाली गेलं. तुमच्याकडे काय झालंय?"

"आमच्याकडं पानी हाय की," बरेच जण एकदम म्हणाले.

पहिल्या रांगेतला चौकोनी चेहऱ्याचा एक मुलगा मात्र विचारात पडला होता. त्याच्या वडिलांचा ऊस आहे, हे मला नंतर कळलं. तो उभा राहिला.

"बाई, आमच्या हिरीवरचं इंजन सकाळधरनं रात्रीपातूर चालतंय. उसाला. गेल्या साली हीर अजून खाली खांदली. आमच्या घरात मानसं चारच हायत." तो थांबला, मनातल्या मनात काहीतरी हिशेब लावून पाहत होता. "मग मानसं जास्त झाली, का ऊस जास्त झाला?"

हेडमास्तर जरा अस्वस्थ झालेले दिसले. शेख बाईंनी पदर सावरला आणि माझ्याकडे पाहिलं. माझ्या एकाही तक्त्यावर ऊस नव्हता. प्रशिक्षणाच्या वहीतही नव्हता.

"मला माहीत नाही," मी म्हणाले. "पण हा प्रश्न माझ्या सगळ्या प्रश्नांपेक्षा चांगला आहे."

तो मुलगा लाजला नाही की फुशारला नाही. त्याने रस्त्यापलीकडच्या उसाकडे हात केला. "आमचं रान हितंच हाय, बाई. इंजन चालूच आसंल. बघायला येता का?"

आणि हेडमास्तरांनी हो किंवा नाही म्हणायच्या आत सगळा वर्ग उठला होता.